जंघा, ग्रीवा आणि आम्ही दोघं

महाबळेश्वराहून लोक मध आणतात, काशीहून गंगेचं पाणी आणतात. मी सातारा-सांगलीकडून सुजलेला घोटा आणि हळदीनं पिवळा झालेला काळा कोट घेऊन आलो. कचेरीत सगळे विचारतात, "काय पाहिलंत?" मी सांगतो, "देवळं." मग ते माझ्या घोट्याकडे बघतात आणि म्हणतात, "एवढ्या प्रदक्षिणा घातल्यात?" प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

खरं म्हणजे हा प्रवास माझा नव्हताच. तो माझ्या बायकोचा, वत्सलेचा. मी आपला बिस्तरा उचलायला आणि तिकिटं काढायला. वत्सलेनं चित्रकलेच्या काही परीक्षा लग्नाआधी दिल्या होत्या, उरलेल्या लग्नानंतर स्वयंपाकघरात बसून दिल्या. आमटी उतू गेली की मी ओळखायचो, छायाप्रकाशाचा अभ्यास चालू आहे. सांगलीला विश्रामबागेकडे मुलींची एक नवी शाळा निघाली आहे. तिथं चित्रकलेच्या बाई हव्या होत्या. तिनं अर्ज केला आणि उत्तर आलं की येऊन कमिटीपुढे एक पाठ द्यावा. विषय, आपल्या देवळांची बांधणी. पाठ मराठीतून हवा.

तिथंच सगळं अडलं. ती शिकली होती इंग्रजीतून. ग्रीसमधल्या देवळाचा खांब तिला पायापासून माथ्यापर्यंत तोंडपाठ होता, पण पुण्यात आमच्या पेठेतल्या देवळाच्या खांबावर जे नक्षीदार आडवं लाकूड असतं त्याला काय म्हणायचं, ते तिला माहीत नव्हतं. मग तिनं कुठल्या कुठल्या जुन्या पुस्तकांतून संस्कृत शब्द हुडकून काढले आणि पाठ करायला लागली. उजळणी मी घेई.

"अधिष्ठान?"

"जोतं."

"जंघा?"

"जोत्याच्या वरची भिंत."

"वरंडिका?"

"भिंत संपून शिखर सुरू होतं, तिथला पट्टा."

"ग्रीवा?"

"शिखराच्या खांद्यावरचा गळा."

उजळणी घेणाऱ्याच्या हातात उत्तरं असतात. त्यामुळे थोड्याच दिवसांत माझी अशी समजूत झाली की हे सगळं मलाच येतं. वत्सलेची मात्र एक अडचण राहिली होती. शब्द आले, चित्रं पाहिली, पण एखादं जुनं दगडी देऊळ हात लावून, सावकाश, तुकड्या-तुकड्यानं तिनं कधी बघितलं नव्हतं. उंब्रजच्या बाजूला नदीकाठी एक आहे, असं तिनं वाचलं होतं. "सांगलीला जाताना वाट वाकडी करू," ती म्हणाली. मी रजा काढली.

कोरेगाव ते सातारा

आगगाडीनं कोरेगावला उतरलो आणि साताऱ्याची मोटार धरली. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून हल्ली या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. गाडीच्या पाठीला बंबासारखं एक धूड जोडलेलं असतं. निघण्याआधी क्लीनर त्याचा पंखा गरगर फिरवतो, सगळे उतारू खोकतात, आणि मग गाडी नाखुशीनं हलते. माहुलीचा पूल ओलांडला आणि पुढच्या चढावर आमची गाडी थांबली. क्लीनर पुन्हा पंखा फिरवायला लागला.

मागं वळून बघितलं तर नदीच्या दोन्ही काठांना देवळं उन्हात झळकत होती. मला राहवलं नाही. गाडी थांबलेली असल्यामुळे माझा आवाज सगळ्यांना लख्ख ऐकू जात होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

"वत्सला," मी म्हणालो, "सांग बघू, जंघा कुठं?"

वत्सला खिडकीबाहेर बघायला लागली.

"अगं, जंघा! दाखव ना. लाजतेस काय?"

समोरच्या बाकावर हिरवं लुगडं नेसलेली एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. तिनं कोंबडी नवऱ्याकडे दिली. "आवं पाव्हनं," ती म्हणाली, "जनाची न्हाई तर न्हाई, मनाची तरी लाज धरा. भर गाडीत बाईमानसाला काय इचारताय?"

"तसं नव्हे," मी घाईनं म्हणालो. "मी देवळाच्या जंघेबद्दल बोलतोय."

"द्येवाच्या बी?" ती बाई किंचाळली.

मागच्या बाकावर रजेवर आलेला एक जवान होता. तो उठला. उंच होता आणि उठतच राहिला. "साहेब," तो म्हणाला, "खाली उतरा. गाडी ढकलायची हाय." गाडी ढकलायला एकट्या मलाच का उतरवलं, हे मी विचारलं नाही. चढ संपेपर्यंत मी ढकलली. वत्सला आत बसून होती. त्या बाईनं तिला मोठ्या मायेनं बोरं खायला दिली आणि विचारलं, "लगीन हून किती दिस झालं गं? पयल्यापास्नं असंच हायत?"

साताऱ्याला माझ्या आत्तेभावाकडे उतरलो. तिथं कंदी पेढे खाल्ले. आमच्याकडचा पेढा पांढरा आणि नाजूक असतो, हा चांगला भाजलेला, तांबूस. भाऊ म्हणाला किल्ल्यावर जाऊ, पण गाडी ढकलून माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. मी तसं म्हणणार होतो, पण वत्सलेनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की त्या अवयवाचं नाव मी तोंडातच ठेवलं.

नदीकाठचं गाव

या गावाचं नाव मी लिहीत नाही. दिवस तसे आहेत.

उंब्रजला मोटारीतून उतरलो. बाजारचा दिवस होता. परत निघालेल्या एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला बसवून घेतलं. शिदबा त्याचं नाव. मुलगा फौजेत, आफ्रिकेकडे कुठंतरी. चांगला बोलका माणूस. दोन्ही बाजूंना उभा ऊस, लांब कुठं गुऱ्हाळाचा धूर, आणि हवेत गूळ शिजल्याचा वास. साखरेच्या रेशनच्या दुकानापुढे उभं राहून आमची नाकं हा वास विसरली होती.

"गावात कुनाकडं म्हनायचं?" शिदबानं विचारलं.

साधं उत्तर होतं, देऊळ बघायला. पण मला हल्ली साधं उत्तर सुचत नसे. "पाहणी करायची आहे," मी म्हणालो.

शिदबानं मागं वळून बघितलं. "कसली?"

"बांधकामाची. बरं का हो, त्या देवळाच्या गाभाऱ्याखाली भुयार वगैरे आहे का? माणूस राहील एवढं?"

जुन्या देवळांखाली भुयारं असतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. शिदबानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या आणि गाडी अशी पळवली की वत्सलेचा चित्रांचा बोर्ड दोनदा खाली पडला. देवळापाशी आम्हाला उतरवून तो राम राम न करता गावात निघून गेला.

देऊळ महादेवाचं. लहानसं, काळ्या दगडाचं, नदीकडे पाठ करून बसलेलं. वत्सलेनं चपला काढल्या आणि एक अक्षर न बोलता त्याच्याभोवती फिरायला लागली. मग भिंतीला तळहात लावून उभी राहिली. मला वाटलं, थकली. मी तिचा कागद बोर्डाला लावून दिला. ती रेखाटत बसली आणि मी फीत घेऊन मापं घेऊ लागलो. एकेका भागापाशी जाऊन मोठ्यानं ओरडायचो, "ही जंघा! हा स्कंध! हे मंडप-गाभाऱ्यामधलं अंतराळ!" ग्रीवा मला खालून नीट दिसेना. म्हणून पंपशू घालूनच मी मंडपाच्या छपरावर चढलो.

"ए! उतर खाली!"

खाली सात-आठ माणसं उभी होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. शिदबा त्यांच्यात होता. मी घाबरून उतरू लागलो, शेवटच्या दगडावर पंपशू घसरला आणि घोटा मुरगळून मी बरोबर त्यांच्या पायांशी येऊन पडलो. पळण्याचा प्रश्न मिटला.

"कोन रं तू?" एकानं विचारलं.

मला वाटलं, आपला हुद्दा सांगितला की हे लोक नरमतील. "मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो.

सध्याच्या दिवसांत, त्या मुलखात, याच्याहून वाईट वाक्य कुणाला सुचणार नाही. त्या भागात भूमिगत लोकांचा वावर होता, पोलीस त्यांच्या मागावर होते, आणि पोलिसांना बातम्या पुरवणाऱ्या खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्यांनी कशी पत्री ठोकतात, ते आम्ही पुण्यातसुद्धा ऐकलं होतं. माझा एक पाय तर आधीच कामातून गेला होता.

त्यांनी वत्सलेचे कागद उचलले. त्यांच्यातले वयस्क, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, ते वाचता येणारे होते. त्यांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो कशाचा नकाशा?"

"देवळाचा."

"आन् ही नावं कुनाची? जंघा, ग्रीवा... ह्यो स्कंध कोन? कुठल्या गावचा?"

"स्कंध म्हणजे खांदा," मी म्हणालो.

"कुनाचा?"

"शिखराचा."

"नीट बोल रं!" शिदबा ओरडला. "तात्या, मला इचारत हुता, भुयारात मानूस ऱ्हाईल का म्हून."

ते ऐकल्यावर सगळे एकदम गप्प झाले. ओरडत होते तोवर मला तेवढी भीती वाटली नव्हती. आता वाटली. मी वत्सलेकडे बघितलं. तिनं पदर खोचला आणि माझ्या नि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तात्या," ती म्हणाली, "त्यांना विचारू नका. त्यांना काही येत नाही. मला विचारा. सांगलीत मुलींची शाळा आहे, तिथं मला देऊळ शिकवायचंय. पाठ चांगला झाला तर मी मास्तरीण होईन. मी काय शिकवणार ते ऐका, आणि मग ठरवा."

एव्हाना पाणी भरायला निघालेल्या बायकाही थांबल्या होत्या. वत्सलेनं जोत्याला हात लावला.

"देऊळ म्हणजे उभा माणूस," ती म्हणाली. "हे जोतं, हे त्याचे पाय. ह्याच्यावर ही भिंत. देवळं बांधणारे हिला जंघा म्हणायचे, म्हणजे मांडी. सगळा भार हिच्यावर. वर बघा, शिखर जिथं आत वळतं ते खांदे. तोच तुमचा स्कंध. त्याच्यावर बारीक झालंय तो गळा, ग्रीवा. आणि त्याच्यावर डोकं." ती मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नावं अवघड आहेत, पण सगळी आपल्याच अंगावरची आहेत."

लोक वर बघत होते. रोज बघितलेलं देऊळ ते खालून वर, पायांपासून बघत चालले होते. एकजण नकळत स्वतःच्या मानेवरून हात फिरवत होता.

कळशी कमरेवर घेतलेली एक म्हातारी पुढे आली. "आन् प्वाट कुठं गं बाई?"

वत्सलेनं दाराकडे बोट केलं. "गाभारा. पुस्तकात त्याला गर्भगृह म्हणतात. गर्भाचं घर. म्हणून तिथं खिडकी नसते, अंधार असतो."

म्हातारी थोडा वेळ आत बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली. "तितं उजेड कशाला लागतोय?"

पुण्याला पाठ केलेल्या पाठात यातलं काहीसुद्धा नव्हतं. तो मी ऐकला होता, दहा वेळा ऐकला होता. त्यात व्याख्या होत्या.

तात्यांनी कागद घडी न पाडता परत दिले. "बाई मास्तरीनच हाय," ते म्हणाले. "पर ह्यो कोन?"

"माझे यजमान."

"खात्री हाय न्हवं?"

वत्सलेनं माझ्याकडे बघितलं. उत्तर द्यायला तिनं जो वेळ घेतला, तो मला फार वाटला. "आहे," ती म्हणाली. "बोलतात फार, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

पहिल्यांदा शिदबा हसला, मग सगळेच. त्यानंच मला खांद्यावर हात टाकायला लावून गुऱ्हाळावर नेलं. तिथं माझ्या घोट्याला हळद-मिठाचा कढत लेप लावला, आणि पायाखाली घ्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझाच कोट घेतला. मग ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटी भरभरून काकवी. उसाच्या रसाचा गूळ होण्याच्या जरा आधी ती काढतात, मधासारखी धार पडते. पुण्याला आम्ही चहाच्या कपात साखर चमच्याच्या टोकानं घालतो. इथं माझी वाटी रिकामी झाली की कुणीतरी न विचारता भरत होतं.

आमच्या पंगतीला शेवटी एक तरुण येऊन बसला. धोतर शेतकऱ्याचं, पण हात शेतकऱ्याचे नव्हते. खाली मान घालून जेवला. उठताना वत्सलेला हळूच म्हणाला, "बाई, गर्भगृहाचं फार चांगलं सांगितलंत. मी आतून ऐकत होतो." बोलणं अगदी आमच्या पेठेतलं. त्याची कुणी ओळख करून दिली नाही, आणि तात्या माझ्याकडे बारकाईनं बघत होते. मी काही विचारलं नाही. आणखी काकवी मागितली. त्या सगळ्या प्रवासात मी दाखवलेला शहाणपणा तेवढाच.

सांगली

कऱ्हाडला गाडी धरून मिरजेवरून सांगलीला आलो. सांगली आधी नाकाला भेटते. हळदीची पेठ, पोती, तिठ्यातिठ्यावर पिवळी धूळ. माझा कोट तिथं कुणालाच खटकला नाही. धर्मशाळेत उतरलो. संध्याकाळी भडंग खाल्लं. चुरमुरे असले तरी ते तिखट लागून डोळ्यांत पाणी येतं, आणि सांगलीची माणसं ते गप्पा मारत मूठ-मूठ खातात.

दुसऱ्या दिवशी विश्रामबागेला शाळेत गेलो. वत्सलेनं मला बजावलं होतं, "तुम्ही बाहेर बसा." मी बाहेरच बसणार होतो. पण कमिटीचे अध्यक्ष, हळदीचे मोठे व्यापारी, जैन गृहस्थ, त्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी मला लंगडताना बघितलं. "आवं, आत या की. बाहेर वारं हाय." मला आत नेऊन मागच्या बाकावर बसवलं. वत्सलेनं डोळे मिटून घेतले.

कमिटीत आप्पांशिवाय एक निवृत्त हेडमास्तर होते आणि एक डॉक्टरीणबाई. पुढे मुली बसल्या होत्या. वत्सलेनं फळ्यावर एक देऊळ काढलं आणि पुण्याहून आणलेले व्याख्यांचे कागद टेबलावर पालथे ठेवले. पाय, मांडी, खांदे, गळा. एका मुलीनं विचारलं, "मग देवळाला हात का नाहीत?" वत्सला म्हणाली, "खांबांवरच्या तुळया धरायला बाहेर आलेले दगड असतात ना, ते हात. त्यांना तरंगहस्त म्हणतात." मुली एकमेकींना हात पुढे करून दाखवू लागल्या.

हेडमास्तरांना ते फारसं रुचलं नसावं. "ग्रीवा आणि कंठ," त्यांनी विचारलं, "यांत भेद काय?"

वत्सला थांबली. "नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पुस्तकांत वेगवेगळं दिलंय. शोधून सांगेन."

मला ते सहन झालं नाही. हातातोंडाशी आलेली नोकरी! मी मागून उभा राहिलो. "ग्रीवा बाहेरून असते," मी म्हणालो, "आणि कंठ आतून."

मग एक मुलगी फिस्सकन हसली आणि पाठोपाठ सगळा वर्ग.

आप्पा वळून म्हणाले, "नोकरी तुमास्नी पायजे का ह्यांस्नी?"

मी बसलो. हेडमास्तर मात्र म्हणाले, "माहीत नाही म्हणणारी मास्तरीण बरी. ती शोधते तरी." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्याचं वर्णन करत नाही.

मुली बाहेर गेल्या. आप्पांनी घसा साफ केला. "बाई आमाला पसंत हायत. सोमवारपास्नं या. पर एक इचारतो. मालक पुन्यात, तुमी हितं. कसं करनार?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. वत्सलेनं बघितलं नाही. ती टेबलाशी खडू घेऊन उभी होती.

साऱ्या वाटेवर आम्ही दोघं जोतं, जंघा, शिखर यावर बोललो होतो. एवढी एक गोष्ट सोडून. तिला नोकरी मिळाली तर काय, हे ना तिनं विचारलं, ना मी. माझ्या डोळ्यांपुढे आमची आळी आली. बायको नोकरीला आणि नवरा घरी, यावर कोण काय बोलेल तेही कानात आलं. या वेळी तरी वजनदार काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मला स्वयंपाक येत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पा गंभीर होते. "शिका की. त्यात काय हाय?"

"शिकतो," मी म्हणालो. "जूनपर्यंत इकडे बदली मिळते का बघतो. नाही मिळाली तरी येतो."

"येऊन करनार काय?"

"ते अजून माहीत नाही."

कट्ट असा आवाज झाला. वत्सलेच्या हातातला खडू मोडला होता. ती वाकून तुकडे गोळा करू लागली आणि ते दोन तुकडे गोळा करायला तिला फार वेळ लागला. वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि नाकाला खडूची पूड लागली होती. ती पुसायला सांगावं असं मला वाटलं, पण त्या दिवशी मी पुरेसं बोललो होतो.

डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्याकडची बाहेरची खोली दिली. रविवारी ती मला स्टेशनवर पोचवायला आली. फोडणीला आधी मोहरी, मग हिंग, हळद शेवटी. भातात पाणी बोटाच्या पेरापर्यंत. मी मान हलवत होतो. गाडी सुटल्यावर ती हात हलवत होती की हळद शेवटी म्हणून सांगत होती, ते कळलं नाही. मिरज येईपर्यंत मी सगळं विसरलो होतो.

पुण्याला पोचलो त्या सकाळी गवळी दारात आला. आमचा जुना गवळी. त्यानं माप भरलं आणि पातेलं मागितलं. नेहमी पातेलं वत्सला आणते. मी शोधत बसलो आणि शेवटी तांब्या घेऊन आलो.

"आजपासून निम्मंच," मी म्हणालो.

"बाई माहेरी गेल्या जणू?"

"नाही. सांगलीला. नोकरीला लागल्या."

त्यानं कासंडी खाली ठेवली. माझ्याकडे, मग माझ्या लंगड्या पायाकडे, मग त्या पिवळ्या कोटाकडे बघितलं. एवढा वेळ तो आमच्या दारात कधी थांबला नव्हता.

"आणि मालक, तुम्ही?"

"मीही जाणार. जूनमध्ये."

त्यानं निम्मं माप माझ्या तांब्यात ओतलं. जायला वळला, मग पुन्हा फिरला आणि वरून आणखी एक मोठी धार ओतून गेला. ती दया होती की शाबासकी, हे मी अजून ठरवलेलं नाही. दूध मात्र तापवताना सगळं उतू गेलं.